घोडा म्हणजे बिनशिंगाची गाय नव्हे

घोड्याच्या अंगाला कीटकनाशक लावण्याच्या कामात वरवर पाहता तीनच घटक असतात : घोडा, माशी आणि बाटली. प्रत्यक्षात चौथाही असतो, तो म्हणजे कुंपणाला टेकून सल्ला देणारा शेजारी. पहिल्या तिघांवर पशुवैद्यकशास्त्रात भरपूर अभ्यास झाला आहे. चौथ्यावर अजून औषध निघालेले नाही.

पिंपरी-चिंचवडच्या पूर्व टोकाला असलेल्या दिघीत या चारही घटकांची उपलब्धता चांगली आहे. एका अंगाला लष्कराची हद्द, दुसऱ्या अंगाला भोसरीचे कारखाने आणि मधून जाणारा आळंदी रस्ता, अशी या गावाची मांडणी. या पट्ट्यात गाडीच्या इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजतात, पण खरा अश्व दिसण्याचे प्रसंग मुख्यतः तीन. पहिला वरातीचा. आळंदी हे लग्नांचे गाव असल्यामुळे मुहूर्तांच्या दिवसांत या रस्त्यावर नवरदेव आणि घोडे यांची टंचाई नसते. दुसरा बैलगाडा शर्यतीचा. घाटातल्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या तेव्हा बैलांबरोबर ती घोडीही बिनकामाची झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा तीही पुन्हा कामावर रुजू झाली; १८ मे २०२३ च्या निकालाने शर्यतींवर शिक्कामोर्तब झाले. तिसरा प्रसंग सर्वांत मोठा. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती दिघीवरून. तिच्यासोबत बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व असतात. त्यांतला एक माउलींचा. त्याच्या पाठीवर कोणी माणूस बसत नाही. माशीला मात्र ही रीत ठाऊक नसते.

माशीच्या दृष्टीने वरातीचा घोडा, शर्यतीची घोडी आणि पालखीचा अश्व यांत काही फरक नाही. तिला जात, मान, मुहूर्त आणि भाडे यांपैकी काहीच दिसत नाही. उबदार, घामट, रक्ताने भरलेले साडेतीनशे-चारशे किलोंचे एक जेवणघर दिसते, आणि त्याला दार नसते.

निसर्गाने घोड्याला या पाहुण्यांसाठी काही हत्यारे दिली आहेत. पहिले शेपूट. मागचा निम्मा घोडा त्याच्या टप्प्यात येतो. दुसरे आयाळ, मानेपुरती. तिसरे हत्यार कातडीखाली असते : पाठी-पोटाच्या कातडीला चिकटलेला एक पातळ स्नायू, जो माशी बसलेली जागाच तेवढी थरथरवून तिला उडवतो. माणसाला ही सोय असती तर मराठीत नाकावर माशी बसू न देण्याचे एवढे कौतुक झाले नसते. चौथे हत्यार सहकाराचे आहे. दोन घोडे एकमेकांच्या तोंडाशी शेपूट येईल असे उलटसुलट उभे राहतात आणि एकाच्या शेपटीने दुसऱ्याचे डोळे झाडले जातात. सभासद दोनच असल्यामुळे ही सहकारी संस्था अजून बुडालेली नाही.

वरातीला उभे करताना घोड्याची ही सारी हत्यारे काढून घेतात. शेपटीची वेणी घालून गोंडा बांधतात, आयाळीत फुले माळतात, अंगावर जरीची झूल चढवतात आणि पाठीवर घामाघूम नवरदेव बसवतात. अशा स्थितीत बँड सुरू होतो. पोटाखाली, तंगाच्या मागे, जिथे शेपूटही पोचत नाही आणि तोंडही, नेमकी तिथे एक चावरी माशी येऊन बसते. घोडा पुढचा पाय आपटतो. माशी उडते, पुन्हा बसते. घोडा दुसरा पाय आपटतो, मान झटकतो, कमरेत वळतो. वऱ्हाडी ओरडतात, ‘‘घोडा नाचतोय बघा!’’ नवरदेवाचे मामा पुढे होतात, दहाची नोट ओवाळून घोडेवाल्याला देतात आणि ढोलाचा वेग वाढतो. न्यायाने पाहिले तर त्या नोटेवर हक्क माशीचा आहे.

सगळ्या माश्या सारख्या नसतात, हे बाटली उघडण्यापूर्वी समजून घ्यावे लागते. घरातली साधी माशी चावत नाही. ती डोळ्यांतले पाणी आणि जखमेतला ओलावा चाटून पोट भरते. तिच्यासारखीच दिसणारी तबेल्यातली चावरी माशी वेगळी. तिची सोंड संगीन लावल्यासारखी पुढे रोखलेली असते आणि तिचा आवडता भाग पाय. घोडा एका जागी उभा राहून टापा आपटत असेल तर तो रागावलेला आहे असे समजू नये, आधी त्याचे पाय पाहावेत. तिसरी घोडमाशी : मोठे डोळे, जाडजूड अंग आणि तोंडात सुऱ्यांचा संच. ती कातडी टोचत नाही, कापते, आणि ओघळणारे रक्त चाटते. या जातीत फक्त मादी रक्त पिते; नर फुलांतला मध चाखत फिरतो आणि घरातल्या खर्चाची त्याला कल्पना नसते. चौथी माशी चपटी आणि चिवट, शेपटीखालच्या उघड्या कातडीला खेकड्यासारखी चिकटून बसते. चापट मारून ती मरत नाही, नखाने चिरडावी लागते. आणि ते ठिकाण पाहता या कामाला स्वयंसेवक मिळत नाहीत.

याशिवाय संध्याकाळी येणारी चिलटे, थंडीत वाढलेल्या केसांत वस्ती करणाऱ्या उवा आणि मांडीच्या आतल्या बाजूला ठिय्या देणारे गोचीड असतातच. एक माशी मात्र चावत नाही, रक्त पीत नाही, तरी घोडा तिला पाहून उधळतो. ती घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर बारीक पिवळी अंडी चिकटवते. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडावाटे पोटात जातात आणि जठराच्या भिंतीला धरून कित्येक महिने फुकट राहतात. या भाडेकरूंवर अंगाला लावायचे कोणतेही औषध चालत नाही. अंडी दिसली की खरवडून काढणे आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिनची पेस्ट तोंडातून देणे, हा त्यावरचा इलाज. आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवात आहे आणि त्या शोधाला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा घोड्याच्या जंताच्या औषधाकडे तुच्छतेने पाहू नये.

माश्या नुसत्या छळत असत्या तर हा विषय भूतदयेपाशी संपला असता. पण त्या रोगही पोचवतात. ‘सर्रा’ हा घोड्यांचा आणि उंटांचा जुना जीवघेणा ताप. त्याचा रक्तातला जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे शोधला. हा जंतू घोडमाशी आणि चावरी माशी एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, तेही न धुतलेली सुई एका दंडातून काढून दुसऱ्या दंडात खुपसावी तशा. हा रोग जनावरांचाच, माणसाला होत नाही, असे सव्वाशे वर्षे मानले जात होते. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो जंतू सापडला आणि पुस्तकातले ते वाक्य दुरुस्त करावे लागले. दुसरा आजार ‘बरसाती’. जठरातल्या एका जंताच्या अळ्या माशी घोड्याच्या जखमेवर आणून सोडते आणि पावसाळ्यात ती जखम भरायचे नाव घेत नाही. आपल्याकडचा हा शब्द इंग्रजांनी जसाच्या तसा उचलून आपल्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत घातला. त्या माशीवर इलाज मात्र त्यांच्याकडेही तेव्हा नव्हता.

आता बाटली. घोड्यावरच्या बहुतेक माशीनाशकांचा पूर्वज एक फूल आहे, शेवंतीच्या जवळच्या नात्यातले. त्याच्या वाळवलेल्या फुलांत पायरेथ्रिन नावाचे द्रव्य असते. कीटक त्याने लुळे पडतात. उन्हात ते लवकर नासते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच धर्तीची टिकाऊ द्रव्ये प्रयोगशाळेत तयार केली. त्यांतले परमेथ्रिन १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड संस्थेत मायकेल इलियट यांच्या गटाने बनवले. डेल्टामेथ्रिन त्याचेच भावंड. नवरदेवाच्या घोड्याच्या गळ्यात शेवंतीचा हार आणि अंगावर तिच्याच भाऊबंदांचे औषध, हा योग जुळवून आणलेला नसतो. तो आपोआप येतो.

या द्रव्याचे काम सोपे आहे. मज्जातंतूत संदेश पुढे सरकण्यासाठी सूक्ष्म दारे उघडतात आणि लगेच मिटतात. हे औषध ती मिटूच देत नाही. लग्नघराचे दार जसे सकाळपासून उघडे राहते आणि कोण आले, कोण गेले याचा कुणाला पत्ता लागत नाही, तशी माशीच्या शरीराची गत होते. घोड्याचे यकृत हे द्रव्य बऱ्यापैकी लवकर मोडून टाकते. मांजराचे यकृत मोडू शकत नाही. घोड्यासाठीचे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. म्हणून औषध लावलेल्या घोड्याच्या ओल्या पाठीवर तबेल्यातल्या मांजरीला झोपू देऊ नये. मासे आणि मधमाश्या यांनाही ते घातक असते, तेव्हा उरलेली बादली इंद्रायणीत रिकामी करणे हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

औषधाचे माप हा दिघीसह सर्वत्र स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. बाटलीवर टक्के आणि मिलिलिटर छापलेले असतात. वापरणारा मात्र ‘झाकण’ या एककात मोजतो. ‘बादलीला दोन झाकणं टाक’ या सूचनेत बादली किती लिटरची आणि झाकण कोणत्या बाटलीचे, या दोन गोष्टी सोडल्यास सर्व काही स्पष्ट असते. हिशेब खरे तर शाळेतला आहे. सव्वा टक्क्याचे द्रावण म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साडेबारा मिलिग्रॅम औषध. ते एक लिटर पाण्यात दोन मिलिलिटर मिसळले की लिटरला पंचवीस मिलिग्रॅम होतात. हा नुसता गणिताचा नमुना झाला, घोड्यासाठीचे प्रमाण पशुवैद्य सांगतील तेच. औषध जास्त झाले तर घोड्याची कातडी सोलवटते, आणि कमी झाले तर माश्या आणि गोचीड मरण्याऐवजी सरावतात. अर्ध्या मापाची फवारणी वरचेवर होत गेली की दर पिढीत निबर तेवढे उरतात. थोडक्यात, तो माश्यांचा तालीमखाना होतो.

लावण्याची रीत अशी. आधी खरारा करून धूळ, चिखल आणि गळालेले केस काढावेत. मळावर मारलेले औषध मळालाच लागते. नवीन औषध असेल तर मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी. गांधी उठल्या, तर बाटली बदलावी. हातात रबरी मोजे घालावेत. स्प्रेचा ‘फुस्स’ हा आवाज बाटलीतून निघतो हे माणसाला माहीत असते, घोड्याला तो सापाचा वाटतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस नुसत्या पाण्याचे फवारे मारून त्याची खात्री पटवावी. फवारा खांद्यापासून सुरू करून मागे जावे आणि घोड्याच्या थेट मागे कधीच उभे राहू नये, कारण त्या अंतरावरून येणारे उत्तर लाथेचे असते. तोंडावर फवारू नये. फडके ओलसर करून कपाळ आणि गाल पुसावेत, डोळे, नाकपुड्या आणि ओठ टाळून. उघडी जखम टाळावी. खोगीर आणि तंग बसतो ती जागाही टाळावी. तिथे औषध, घाम आणि घर्षण एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होते. दमून आलेल्या, फेसाळलेल्या घोड्याला लगेच लावू नये. घोड्याला सर्वांगाला घाम येतो आणि त्या घामात साबणासारखा फेस करणारे एक प्रथिन असते. म्हणजे घोडा धावता धावता स्वतःच स्वतःला धुऊन काढतो आणि बाटलीवरची ‘इतके दिवस टिकते’ ही ओळ वरात चौकात पोचेपर्यंत संपलेली असते.

काम झाल्यावर हात धुवावेत, आणि ते तंबाखू मळण्यापूर्वी धुवावेत, नंतर नव्हे. ज्या घोड्याला शेकडो हात लागणार असतील, त्याच्या अंगावरचे औषध पूर्ण वाळलेले असावे. पालखी-रिंगणात अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावणारे हात श्रद्धेने अश्वाच्या मानेवरूनही फिरतात आणि थोड्या वेळाने तेच हात केळे सोलतात.

आता या विषयातली सर्वांत मोठी चूक. दिघी, चऱ्होली, मोशी या भागात गोठे आहेत, आणि गोठ्याच्या कोनाड्यात गोचिडांच्या औषधाची एक बाटली असतेच. घोड्याला गोचीड दिसला की शेजारी कुंपणावरून हात लांबवून तीच बाटली पुढे करतो. चार पाय, शेपूट, लांब तोंड आणि कडब्याची आवड हे साम्य पाहून घोडा म्हणजे बिनशिंगाची गाय असा निष्कर्ष निघतो. त्या बाटलीत अमिट्राझ असेल तर हा निष्कर्ष घोड्याच्या मुळावर येतो. गाई-म्हशींच्या गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे हे औषध घोड्याच्या मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते. चारा आत तुंबतो, लीद थांबते आणि पोटशूळ सुरू होतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेल्या किंवा आत अडलेल्या गोष्टीला परतीचा रस्ता नसतो. घोडा वळून वळून पोटाकडे पाहू लागला, खाली पडून लोळू लागला, लीद टाकेनासा झाला, तर त्याला फिरवून आणू, ओवा देऊ, उद्या बघू, असे करू नये. पशुवैद्यांना लगेच बोलवावे. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. सनासारखा असल्यामुळे तो विसरण्याला सबब नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण सर्वांना पाठ असते. औषध रेड्याचे आणि दिले घोड्याला, ही तिची दिघी आवृत्ती लोक रोज लिहीत असतात.

घरगुती उपायांची यादी लांब आहे. औद्योगिक पट्ट्यात गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते, म्हणून ते घोड्याच्या पायाला फासले जाते. माशी त्यावर बसत नाही हे खरे. पण कातडीही त्यावर खूश नसते, केस झडतात आणि घोडा ते चाटतो. इंजिनाला अश्वशक्ती असते म्हणून अश्वाला इंजिन ऑइल लागते असे नाही. डिझेल आणि फिनाइल यांचाही निकाल हाच. तंबाखूच्या पाण्यात निकोटीन असते, आणि ते माशीइतकेच घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारालाही बाधते. आजोबांच्या काळची गॅमॅक्सिन म्हणजे बीएचसी पावडर १९९७ पासून बंद आहे आणि डायक्लोरव्हॉस २०२० अखेर बंद झाले. माळ्यावर यांपैकी कशाचाही जुना डबा सापडला तर तो वारसा समजून वापरू नये. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर माशी पळवतो, पण कोंदट तबेल्यात केला तर घोडाही खोकतो, आणि त्याला पळता येत नाही, कारण तो बांधलेला असतो.

बाटलीशिवायचे उपाय अधिक मजेदार आहेत. घोडमाशी गडद, चकाकणाऱ्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट प्रकाशाकडे ओढली जाते. पांढऱ्या घोड्याच्या अंगावरून तसा प्रकाश येत नाही. हंगेरीतले गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले आणि त्यांना २०१६ चे ‘इग नोबेल’ मिळाले. आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते हे पारितोषिक. वरातीला पांढराच घोडा हवा, हा नवरदेवाच्या आईचा हट्ट त्यामुळे विज्ञानाच्या कसोटीला उतरला. काळ्या चकचकीत गाडीतून येणाऱ्या नवरदेवाने याची नोंद घ्यावी. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये साध्या घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घालून पाहिली. माश्या जवळ आल्या, पण पट्ट्यांवर उतरणे त्यांना नीट जमले नाही. रस्त्यावरच्या झेब्रा पट्ट्यांवर वाहने थांबत नाहीत, हे आळंदी रस्त्यावर रोज दिसते. माश्याही थांबत नाहीत, एवढीच त्यात भर पडली.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र सर्वांत कमी लोकप्रिय आहे, कारण त्याला फावडे लागते. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत त्या लिदीत घातलेल्या अंड्याची माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. चावऱ्या माशीला तर मुताने भिजलेला, कुजका पेंढा म्हणजे माहेर. माशी घोड्यावर जेवते, पण जन्मते उकिरड्यावर. तबेल्याला टेकून उकिरडा ठेवायचा आणि वर घोड्याला फवारत बसायचे, हे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. लीद रोज उचलली, ओला पेंढा बदलला आणि ढीग आठवड्याच्या आत लांब हलवला किंवा झाकून खतासाठी कुजवला, तर निम्मे काम बाटलीशिवाय होते. तबेल्यात पंखा लावला तर चिलटे येत नाहीत. त्यांचे पंख एवढे दुबळे असतात की वाऱ्यासमोर त्यांचा टिकाव लागत नाही. डोळ्यांवर बारीक जाळी बांधली तर घोड्याला दिसते आणि माशीला बसता येत नाही.

मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगीराला सरकारी घोडा मिळे. घोड्याची निगा कोणी ठेवायची, हे त्यावरून ठरत असे. आज वरातीचा घोडा दोन तासांच्या भाड्याने येतो. नवरदेव त्याचा शिलेदारही नसतो आणि बारगीरही. त्यामुळे घोड्याचे औषध भाड्यात धरलेले नसते आणि उकिरडा तर कुणाच्याच पत्रिकेत छापलेला नसतो. माशी चावून घोडा आजारी पडल्यावर औषध शोधायला निघणे म्हणजे वरातीमागून घोडे. क्रम उलटा हवा : आधी फावडे, मग खरारा, मग जाळी आणि पंखा, आणि सर्वांत शेवटी बाटली. त्या बाटलीवर फक्त गाय छापलेली असेल आणि समोर घोडा उभा असेल, तर बाटली खाली ठेवून पशुवैद्यांना फोन लावावा.